चकमकजियनांचा ॲलन

मुलांच्या शाळेतल्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला आईबाप जातात ते काही संगीत ऐकायला नव्हे. आपलं अपत्य तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथं बसलं आहे हे पाहायचं, टाळ्या वाजवायच्या आणि गर्दीआधी पार्किंग लॉटमधून गाडी बाहेर काढायची. १९९२ च्या डिसेंबरात मी आणि सौ. अशाच तयारीनं आर्लिंग्टनच्या हायस्कुलात जाऊन बसलो होतो. मुलगी व्हायोला वाजवत असे. व्हायोलिन का नाही, असं मी तिला विचारलं होतं; ती म्हणाली होती, व्हायोलिनला फार गर्दी आहे.

कार्यक्रम अर्ध्यावर आला आणि एका मुलानं ट्रंपेट उचललं. ट्रंपेट म्हटलं की मला फुटबॉलच्या सामन्यातला बँड आठवतो. हे वेगळं होतं. खाली तंतुवाद्यांनी संथ सूर धरले होते आणि वर एकच सुरावट, कसलीही घाई न करता, पायरीपायरीनं चढत होती. काकडआरतीच्या वेळी देवळात शिरताना आपलं बोलणं आपोआप थांबतं, तसं त्या सभागृहातलं खोकणं थांबलं. पाचएक मिनिटांत संपलंही. पत्रिका उघडून पाहिली: 'प्रेयर ऑफ सेंट ग्रेगरी', संगीतकार ॲलन होव्हानेस. शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "हा आपल्याच शाळेतला. १९२९ साली इथून बाहेर पडला."

तेव्हापासून तीस वर्षांहून अधिक काळ मी या माणसाचं संगीत ऐकत आलो आहे. सुरुवात गावच्या रॉबिन्स लायब्ररीतल्या कॅसेट्सपासून झाली, मग सीडी आल्या, आता तर काय, फोनवरच सगळं मिळतं. मी जाणकार नव्हे. लहानपणी सांगलीत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तीन परीक्षा दिल्या, एवढीच पुंजी. तरीही लिहायला बसलो, कारण होव्हानेसविषयी इकडच्या समीक्षकांचं लेखन वाचताना मला सारखं वाटत आलं आहे की एक बाजू राहून जाते, आणि ती ऐकायला आपल्यासारखा कान लागतो.

आधी नावाची गंमत सांगतो. होव्हानेस हे त्याचं जन्माचं आडनाव नव्हे. ८ मार्च १९११ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सोमरव्हिल इथे जन्मला तेव्हा तो ॲलन व्हानेस चकमकजियन होता. या आडनावातली 'चकमक' म्हणजे आपलीच चकमक बरं का! शब्द तुर्की, तिकडून फिरत फिरत आपल्या चकमकीच्या दगडापर्यंत आला. पुढचा 'जी' म्हणजे खजिनदाराला आपण खजानची म्हणतो त्यातला 'ची', आणि 'यन' हा आर्मेनियन लोकांचा कुळाचा प्रत्यय, साधारण आपल्या 'कर'सारखा. चकमकी करणाऱ्यांच्या घरातला, असा सरळ अर्थ. अमेरिकन माणसाला हे आडनाव उच्चारता येईना. आई १९३० साली वारल्यावर ॲलननं आडनाव टाकलं आणि आजोबांचं नाव लावायला सुरुवात केली. आजोबांचं नाव नातवाला, ही पद्धत आपल्याला सांगायला नको. त्याचंही स्पेलिंग पुढे १९४४ च्या सुमारास बदलून अधिक आर्मेनियन केलं. म्हणजे बघा, आडनाव टाकलं ते अमेरिकन सोयीसाठी, आणि त्या जागी जे घेतलं ते दिवसेंदिवस जास्तच आर्मेनियन होत गेलं. आपल्यातल्या किती जणांनी ऑफिसात नावाचे तुकडे पाडून घेतले आहेत ते आठवा. मीही पाडले आहेत.

वडील, हारुत्यून चकमकजियन, अदानाचे. त्या शहरात १९०९ साली आर्मेनियन लोकांची भीषण कत्तल झाली. ॲलनचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी, समुद्रापलीकडे. वडील टफ्ट्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात त्यांनी एक जंगी इंग्रजी-आर्मेनियन शब्दकोश रचला, तो १९२२ साली बॉस्टनमध्ये छापून निघाला. आई स्कॉटिश वंशाची. ॲलन पाच वर्षांचा असताना कुटुंब सोमरव्हिलहून आर्लिंग्टनला आलं. आर्मेनियन म्हणून होणाऱ्या हेटाळणीला कंटाळून आईनंच जागा बदलायला लावली, अशी शेजाऱ्यांची आठवण होती. बाप रात्री बसून भाषा जपतो आहे आणि आई दिवसा त्या भाषेपासून मुलाला दूर नेते आहे. दोघांनाही मुलाचं भलंच करायचं होतं.

संगीत रचणं हे मात्र घरात विचित्र समजलं जाई. होव्हानेसनं पुढे सांगितलं आहे की सापडलेली पानं काढून घेतली जात, म्हणून तो न्हाणीघरात बसून लिही आणि कागद टबाखाली लपवी. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. का, ते पुढे सांगेन.

शिक्षण बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत झालं, फ्रेडरिक कन्व्हर्स यांच्या हाताखाली. १९३४ साली तो फिनलंडला जाऊन सिबेलियसला भेटला. ते त्याचं पहिलं दैवत. इथवर तो एका हुशार अमेरिकन विद्यार्थ्याचा प्रवास आहे. वळण येतं १९३६ साली, आणि ते आणणारा माणूस आपल्या मुलखातला आहे.

त्या वर्षी उदय शंकर यांचा नृत्यसंच बॉस्टनला आला होता. वाद्यवृंदाचे प्रमुख होते विष्णुदास शिराली. जन्म हुबळीचा, आडनावातलं गाव उत्तर कानड्यातलं, आणि तालीम मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात, साक्षात विष्णु दिगंबर पलुसकरांकडे. पलुसकर कुरुंदवाडचे, माझ्या सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. नृत्याला पाठीमागून साथ एवढंच त्या वृंदाचं काम नव्हतं, ते स्वतंत्रपणेही वाजवत. १९३७ साली त्यांच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाल्या. पंचवीस वर्षांचा ॲलन त्या कार्यक्रमाला जाऊन बसला आणि हिंदुस्थानी संगीताचा जो नाद त्याला लागला तो जन्मभर सुटला नाही.

पाश्चात्त्य चरित्रकार हे एका वाक्यात आटोपतात. मला ते वाक्य फार मोठं वाटतं. कारण त्या मुलाला शाळेत शिकवलेलं होतं की सुरावट एकटी उभी राहू शकत नाही. खाली स्वरसंघांची इमारत हवी, तिच्या मजल्यांवरून सुरावटीनं फिरायचं. आणि इथे डोळ्यांसमोर दहाबारा माणसं एकच सुरावट वाजवताहेत, खाली नुसता षड्ज, आणि ती लंगडी वाटत नाही. त्याच्या बापाच्या चर्चमध्ये शेकडो वर्षं हेच चाललेलं होतं! आर्मेनियन स्तोत्रं एकसुरीच. खाली कुणीतरी सूर धरतो, त्याला ते 'दाम' म्हणतात. दुदुक वाजवणाऱ्याच्या शेजारी दुसरा दुदुकवाला फक्त सूर देत बसतो, आपल्याकडे सनईवाल्याजवळ सूर धरणारा असतो तसाच. घरचं धन ओळखायला त्याला परक्यांचा कार्यक्रम पाहावा लागला, असं मला वाटतं. त्याच वर्षी त्यानं पहिली सिंफनी लिहिली. तिचं नाव 'एक्झाइल', म्हणजे परागंदा, आणि विषय आर्मेनियनांचं पलायन. पण ती ऐकताना कळतं, विषय घरचा असला तरी भाषा अजून सिबेलियसची आहे.

१९४२ साली टँगलवुडच्या उन्हाळी शिबिरात ही सिंफनी वाजवून दाखवली गेली. त्याच्या आठवणीप्रमाणे ॲरन कोपलंड ती चालू असताना मोठमोठ्यानं गप्पा मारत राहिला आणि लिओनार्ड बर्नस्टाइननं ती सुरावट पियानोवर वाजवून तिची 'वस्तीतलं स्वस्त संगीत' अशा अर्थाची थट्टा केली. कोपलंड आणि बर्नस्टाइन दोघेही पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुलं. बर्नस्टाइनचा जन्म तर मॅसॅच्युसेट्समधल्याच लॉरेन्सचा. एका आगंतुकाच्या मुलाला दुसऱ्या आगंतुकाच्या मुलाची वस्ती सहन होऊ नये, याचं नवल वाटायला मी या देशात नवखा नाही. आपल्या पार्ट्यांमध्ये नुकत्याच उतरलेल्या मुलांच्या उच्चारांवर कोण सर्वांत जास्त हसतं ते आपण जाणतोच. होव्हानेस शिबिर सोडून निघून गेला. त्या काळात त्यानं आपल्या शेकडो जुन्या रचना जाळून टाकल्या.

तेव्हा तो वॉटरटाउनच्या सेंट जेम्स या आर्मेनियन चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता. १९४० पासून साधारण दहा वर्षं त्यानं ही नोकरी केली. आमच्या घरापासून हे चर्च गाडीनं दहापंधरा मिनिटांवर आहे. त्या माउंट ऑबर्न स्ट्रीटवर आपल्यापैकी अनेकांचं जाणंयेणं असतं, कारण तिथल्या आर्मेनियन दुकानांत डाळी, मसाले, ऑलिव्ह आणि गरम लहमाजून मिळतं. मोठं संगीत विद्यापीठात घडतं अशी माझी समजूत होती. हे घडलं रविवारच्या प्रार्थनेत, पोट भरण्यासाठी धरलेल्या नोकरीत, म्हाताऱ्या बायकांच्या गाण्याला साथ देताना. तिथेच तो कोमितासमध्ये बुडाला. कोमितास म्हणजे आर्मेनियन संगीताचा भातखंडे आणि पलुसकर एकाच देहात: खेड्यापाड्यांतून हजारो लोकगीतं गोळा केलेला धर्मगुरू. एप्रिल १९१५ मध्ये इस्तंबूलच्या धरपकडीत तो सापडला, जिवंत सुटला, पण मन कायमचं मोडलं. १९३५ साली पॅरिसमध्ये वारला.

चर्चच्या या वर्षांतून १९४४ साली निघालं 'लूसाद्झाक', प्रकाशाचं आगमन. पियानो आणि तंतुवाद्यांसाठी. माझ्या मते होव्हानेसची ही सर्वांत अस्सल रचना. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा पियानोवर तो स्वतः होता. पियानो हे स्वरसंघांचं वाद्य, दहा बोटं एकदम चालवण्याचं. इथे पियानोवादक बहुतेक वेळ एकेकच स्वर वाजवतो. ऊद, कानून, तार या वाद्यांसारखा एकच स्वर झपाट्यानं पुन्हा पुन्हा छेडला जातो. सतारीवर झाला ऐकलेल्याला हे लगेच ओळखू येईल. पियानोवर मींड येत नाही. एका परदेशी, पट्ट्यांच्या वाद्यातून सुराचं सातत्य काढायचं कसं, या प्रश्नाचं त्याचं उत्तर म्हणजे हा झाला. आपल्या पेटीवाल्यांनीही असाच झगडा केलेला आहे.

याच रचनेत एक प्रकार आहे, 'स्पिरिट मर्मर' असं त्याचं नाव पडलं. वादकांना एकेक छोटी ओळ देतात आणि सांगतात, आपापल्या गतीनं वाजवत राहा, शेजाऱ्याकडे पाहू नका. सगळ्यांची मिळून एक गुणगुण तयार होते. जॉन केज वगैरे मंडळींनी योगायोगाला संगीतात आणून गाजवलं त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. मी ती प्रथम ऐकली तेव्हा केज माहीतही नव्हता. मला आठवली वाखरीची संध्याकाळ: प्रत्येक दिंडीचा अभंग वेगळा, टाळ वेगळे, लय वेगळी, आणि अर्ध्या मैलावरून ऐकलं तर एकच आवाज. न्यूयॉर्कच्या १९४५ च्या कार्यक्रमात या संगीतावरून मध्यंतरात श्रोत्यांच्या दोन तटांमध्ये मोठी हमरीतुमरी झाली, असं संगीतकार लू हॅरिसननं सांगितलं आहे. केजही तिथे होता. दोघेही होव्हानेसच्या बाजूचे झाले.

पुढची कीर्ती झपाट्यानं आली. लिओपोल्ड स्टोकोव्स्कीनं ह्यूस्टनच्या आपल्या पहिल्याच कार्यक्रमासाठी मागवलेली दुसरी सिंफनी 'मिस्टीरियस माउंटन' १९५५ साली झाली आणि तीच त्याची ओळख ठरली. सुंदर आहे, यात वाद नाही. मधल्या भागातला दुहेरी फ्यूग ऐकून, ज्यांना वाटत होतं की या माणसाला शास्त्र येत नाही म्हणून हा एकसुरी लिहितो, त्यांची तोंडं बंद झाली असतील. पण तो फ्यूग मुळात १९३६ च्या एका चौकडीतून उचललेला आहे. मला या सिंफनीत थोडा गोडवा जास्त वाटतो, शिऱ्यात साखर जास्त पडावी तसा.

१९५९-६० साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो भारतात गेला. तिथे तो मद्रासला रमला, वीणा शिकला, रागांची टिपणं जमवली. नागोरच्या दर्ग्याला भेट दिल्यावर त्यानं आकाशवाणीच्या मद्रास केंद्रातल्या वाद्यवृंदासाठी 'नागूरन' लिहिलं. ते फेब्रुवारी १९६० मध्ये प्रसारित झालं. कर्नाटक रागांवर पुस्तक लिहायचं होतं, ते राहिलं. १९६६ सालच्या एकोणिसाव्या सिंफनीला त्यानं नाव दिलं 'विष्णु'.

आता स्पष्टच बोलायला हवं. नाव विष्णु असलं म्हणून भारावून जाण्याचं कारण नाही. मंडळाच्या एका बैठकीत मी ही सिंफनी ऐकवली तेव्हा मंडळी नावानंच खूश झाली होती. मी पुष्कळदा ऐकली आहे. तिच्यात घंटा आहेत, गरगर फिरणारे आवाजांचे लोट आहेत, विश्वरूपदर्शनाचा आव आहे, राग नाही. होव्हानेसनं रागाकडे स्वरांची माळ म्हणून पाहिलं. बहात्तर मेळकर्त्यांचा तक्ता म्हणजे त्याच्या दृष्टीनं रंगांची पेटी होती. पण आरोह-अवरोह पाठ केला म्हणून यमन येत नाही, हे परीक्षेच्या पहिल्या वर्षालाच आम्हाला छडी मारून सांगितलं जाई. रागाला चलन असतं, काही स्वरांवर थांबायचं असतं, काहींना नुसता स्पर्श करून निघायचं असतं. त्याच्या भारतीय नावांच्या रचनांत मला हे सापडत नाही. उलट 'लूसाद्झाक'मध्ये, जिथे भारताचं नाव नाही, तिथे सुरावटीला थांबे आहेत, ओढ आहे, आलापासारखं दार हळूहळू उघडणं आहे. भारताकडून त्यानं जे खरं घेतलं ते १९३६ साली दोनतीन तासांत घेतलं, आणि ते म्हणजे धीर: एकटी सुरावट पुरते, हा धीर. मद्रासला मिळालं ते साहित्य. धीर त्याच्या चर्चच्या सुरावटींत जाऊन मुरला. साहित्य पुष्कळसं साहित्यच राहिलं.

आणि त्यानं लिहिलं फार. ६७ सिंफन्या, ४३४ पर्यंत गेलेले कृतिक्रमांक! जाळलेल्या वेगळ्या. त्यातल्या डझनभर मी पुन्हा पुन्हा ऐकेन. उरलेल्यांत तीच स्तोत्रासारखी चाल, तोच ट्रंपेट, तोच डोंगर. त्याच्यानंतरच्या पिढीतला तिग्रान मन्सूरियन ऐकला की हा दोष जास्त खुपतो. मन्सूरियन १९३९ साली बैरूतमध्ये जन्मला, आठव्या वर्षी कुटुंबाबरोबर आर्मेनियात परतला आणि तिथेच घडला. भाषा, कोमितास, चर्च त्याला मागावं लागलं नाही, ते आजूबाजूलाच होतं. त्याच्या संगीतात गप्प बसण्याची ताकद आहे. होव्हानेसला गप्प बसता येत नाही. ज्याला वारसा उशिरा मिळतो तो तो सारखा मोजून पाहतो, असं काहीसं असावं.

१९९४ साली मंडळाच्या अधिवेशनात 'पुढची पिढी आणि मराठी' या विषयावर मी तावातावानं बोललो होतो. दहा वर्षांच्या आत घरात भाषा आणि गाणं मिळालं नाही तर ते कायमचं गेलं, असं माझं ठाम मत होतं आणि टाळ्याही मिळाल्या होत्या. त्याच वर्षी मी मुलीचा व्हायोला बंद केला. रविवारी दोन तास ऑर्केस्ट्राची तालीम, त्याऐवजी एसएटीचा क्लास आणि घरी पेटी, असा माझा हिशेब. तिनं वाद घातला नाही. व्हायोला कपाटात गेला, पेटी चार महिन्यांत बंद पडली. न्हाणीघरातल्या टबाखाली लपवलेल्या कागदांची गोष्ट मी त्यानंतर दोन वर्षांनी वाचली.

होव्हानेस आर्मेनियात प्रथम गेला तो १९६५ साली, चोपन्नाव्या वर्षी. चर्चसंगीतावर केलेल्या कामाची हस्तलिखितं त्यानं येरेवानच्या चारेंत्स संग्रहालयाला देऊन टाकली. बापाचा कोश बॉस्टनहून निघाला, मुलाची वही येरेवानला पोचली. पुढे तो सिअ‍ॅटलला स्थायिक झाला, डोंगर दिसतात म्हणून, आणि २१ जून २००० रोजी तिथेच वारला. माझी मुलगीही आता सिअ‍ॅटलमध्ये असते. चाळिशीत तिनं भाड्यानं व्हायोला आणला. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो असताना ती 'सेंट ग्रेगरी'मधला आपला जुना भाग वाजवत बसली होती. तो भाग म्हणजे बहुतेक लांबलेले सूरच. मी विचारलं, नुसते सूर धरून बसायला कंटाळा नाही येत? ती इंग्रजीत म्हणाली, बाबा, मला तेव्हाही तेच आवडायचं. मला हे तिला १९९४ साली विचारता आलं असतं.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी 'लूसाद्झाक'पासून सुरुवात करावी. कीथ जॅरेटनं पियानोवर वाजवलेलं, डेनिस रसेल डेव्हिसच्या संचालनाखालचं ध्वनिमुद्रण १९८९ चं आहे. त्याच तबकडीवर 'मिस्टीरियस माउंटन'ही आहे, पण त्या सिंफनीसाठी फ्रिट्झ रायनर आणि शिकागोचा १९५८ चा वाद्यवृंद शोधावा. 'सेंट ग्रेगरी' कुठलाही चालेल, शाळेतल्या मुलांनी वाजवलेला अधिक चांगला. देवमाशांच्या ध्वनिमुद्रित आवाजांवर बेतलेली १९७० ची 'अँड गॉड क्रिएटेड ग्रेट व्हेल्स' मात्र शेवटी ठेवावी. गाडीत लहान मुलं असतील तर तिच्यापासूनच सुरू करा. त्यांना तीच आवडते.